फर्स्ट क्लासचे पैसे वसूल होतात का? वीस वर्षं विमानात काढलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा की भोसरीत मशिनिंगचं युनिट आहे, दोघं पार्टनर मिळून वर्षाला १०-१२ वेळा युरोप-अमेरिका होतं, दोघंही पन्नाशीला टेकलेत, आणि पार्टनर म्हणतो आता एवढा धंदा करतोय तर फर्स्ट क्लासनेच जायचं. वर्थ आहे का?

मी २००४ पासून ऑटो कंपोनंटच्या एक्स्पोर्टमध्ये आहे, आधी नोकरीत, नंतर स्वतःचं. इकॉनॉमीच्या मधल्या सीटपासून अगदी पुढच्या नाकातल्या सीटपर्यंत सगळीकडे बसून झालंय. आधी उत्तर देऊन टाकतो: पूर्ण भाव देऊन, कंपनीच्या खात्यातून, फर्स्ट घेऊ नका. बिझनेस क्लास घ्या, पण तोही सरसकट नाही. रात्रीची लांबची फ्लाइट आहे आणि उतरल्या दिवशीच काम आहे, तिथे डोळे झाकून घ्या. बाकी ठिकाणी विचार करा. आता का ते सांगतो, थोडं लांबेल.

२०११ चा मार्च. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कस्टमरकडे मीटिंग, फ्लाइट मुंबईहून रात्री २.५० ची. म्हणजे आदल्या संध्याकाळी सात वाजता पुण्यातून गाडी काढायची, खंडाळ्याला ट्रकमागे ट्रक, सहारला पोचायला साडेअकरा. मधली सीट, एका बाजूला पाय पसरून झोपलेले काका, दुसऱ्या बाजूला दर अर्ध्या तासाने उठणारा पोरगा. फ्रँकफर्टला सकाळी साडेसातच्या सुमारास उतरलो, एअरपोर्टच्याच स्टेशनवरून आयसीई, म्हणजे तिथली वेगवान ट्रेन, पकडली, सव्वा तासात स्टुटगार्ट, आणि अकरा वाजता मी त्यांच्या परचेसच्या तीन लोकांसमोर बसलेलो. आदल्या दिवशी सकाळी सातला उठलेला माणूस, म्हणजे बत्तीस तास होऊन गेले होते. टेक्निकल भाग कसाबसा नेला, ड्रॉइंग तोंडपाठ होतं म्हणून. मग पेमेंट टर्म्स आल्या. आम्ही ६० दिवसांत पैसे असं ठरवून गेलो होतो, त्यांनी ९० म्हटलं, आणि मला अजून आठवतंय, मी समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत होतो आणि मनात एवढंच होतं की हे संपलं की हॉटेल. हो म्हणून टाकलं.

वर्षाची ऑर्डर २ कोटींची होती. तीस दिवस जास्त म्हणजे साधारण १६ लाख ४० हजार कायमचे अडकून पडले, बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिटचं) व्याज १० टक्के धरलं तर वर्षाला १ लाख ६४ हजार. करार चार वर्षं चालला. हिशोब तुम्हीच करा. त्या वेळी बिझनेसचं तिकीट लाखभराने महाग होतं म्हणून मी ते वाचवलं होतं, आणि घरी आल्यावर तसं अभिमानाने सांगितलंही होतं.

तेव्हा माझं मत असं आहे की धंद्याच्या प्रवासात तुम्ही विकत घेता ती झोप. तिकिटात बाकी जे येतं त्यातलं बरंचसं कौतुक आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आता फर्स्ट आणि बिझनेसमध्ये नेमका फरक काय राहिलाय ते बघू. पूर्वी होता, खरंच होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश एअरवेजने फर्स्टमध्ये पूर्ण सपाट होणारा बेड आणला, तेव्हा बिझनेसमध्ये फक्त मागे कलणारी मोठी खुर्ची असायची. २००० मध्ये त्यांनीच तो सपाट बेड बिझनेसमध्ये दिला आणि मग हळूहळू सगळ्यांना द्यावा लागला. झालं, फर्स्टचा मुख्य मुद्दाच गेला. म्हणून बघा, केएलएम, टर्किश, व्हर्जिन अटलांटिक, युनायटेड, यांच्याकडे आज लांबच्या विमानात फर्स्ट नाहीच, सगळ्यात वरचा क्लास म्हणजे बिझनेस. एअर इंडियाच्या जुन्या बोइंग ७७७ मध्ये पुढे चार फर्स्टच्या सीट असायच्या, पण २०२४ ला सेवेत आलेल्या एअरबस ए३५० मध्ये फर्स्ट ठेवलाच नाही. आपल्या जेट एअरवेजच्या ७७७ मध्ये दरवाजेवाले आठ फर्स्ट क्लास सूट होते, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं, पुढे २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली. सूटमुळे नाही, पण आठवण झाली.

आणि अमेरिकेत आतल्या आत उडताना जे फर्स्ट क्लास म्हणतात ते वेगळंच प्रकरण आहे. डॅलस-शिकागोचं फर्स्ट म्हणजे दोन-दोन अशी रुंद खुर्ची, एक ड्रिंक आणि चिप्सची टोपली. त्याला या चर्चेत धरू नका.

लोकलच्या फर्स्टचा पास काढलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गाडी तीच, कुर्ल्याला सिग्नल लागला की सगळ्यांनाच लागला. विमानातही तसंच आहे. लांबच्या विमानात केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांवर असल्यासारखी पातळ ठेवलेली असते, ७८७ आणि ए३५० मध्ये ती ६,००० फुटांच्या आसपास. कळसूबाई ५,४०० फूट आहे. म्हणजे चांगल्यात चांगल्या विमानातसुद्धा तुम्ही कळसूबाईच्या वर बसून रात्र काढताय, आणि हवा एवढी कोरडी की नाकात खपली धरते. ही हवा पहिल्या रांगेला आणि पन्नासाव्या रांगेला एकच. म्हणून मी क्लासच्या आधी विमान कोणतं आहे ते बघतो. त्यातच अजून एक, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो फक्त इकॉनॉमीवाल्यांना नाही, बसून राहणाऱ्या प्रत्येकाला. फर्स्टमध्ये वाइन घेऊन आठ तास न हलणारा माणूस काही वाचला नाही. पाणी प्या, उठून फिरा, हे फुकट आहे.

आता भावाचं बोलू. मुंबई-फ्रँकफर्ट रिटर्न, महिनाभर आधी काढलं तर मला हल्ली इकॉनॉमी साठ-सत्तर हजारांना पडते, बिझनेस दोन ते अडीच लाख, फर्स्ट पाच लाखांच्या पुढे. सीझनप्रमाणे खालीवर होतं, ऑटोमेकॅनिकाच्या (फ्रँकफर्टच्या ऑटो पार्ट्सच्या प्रदर्शनाच्या) आठवड्यात तर विचारूच नका. इकॉनॉमीवरून बिझनेसला जायला दीड-पावणेदोन लाख जास्त लागतात आणि त्यात तुम्हाला मिळतो बेड, म्हणजे आधी नव्हतं ते काहीतरी. बिझनेसवरून फर्स्टला जायला अजून अडीच-तीन लाख, आणि त्यात मिळतो जरा जास्त रुंद बेड, जास्त जाड गादी, दार, आणि नाव घेऊन बोलणारी एअर होस्टेस. झोप किती वाढली? माझ्या अनुभवात अर्धा तास, फार तर.

खरं तर कमीच झाली होती एकदा, ते सांगतो. दुबईमार्गे जात होतो, एमिरेट्सचं ए३८०, पॉइंट्सवर फर्स्ट मिळालेलं. मुंबई-दुबई तीन तास, त्यात झोप लागते न लागते तोच उतरायची वेळ, मग पहाटे दुबईला चालत दुसऱ्या गेटला. पुढच्या विमानात बसलो, आधी खजूर आणि अरबी कॉफी आली, मग दार कसं बंद होतं ते दोनदा बघून घेतलं, मग जेवण, मग मागे बार आहे म्हणे तो बघायला गेलो, आणि मग अर्थातच शॉवर. विमानात आंघोळ! पाच मिनिटांचं पाणी मिळतं आणि ते किती उरलंय ते समोर दिसत असतं. आम्ही पेठेत वाढलेली माणसं, गुरुवारी पाणी बंद असताना एका बादलीत आंघोळ उरकायची सवय, मी साडेतीन मिनिटांत बाहेर. पण या सगळ्यात सहा-साडेसहा तासांच्या फ्लाइटमध्ये झोप झाली दीड तास. फ्रँकफर्टला उतरलो तेव्हा केस छान धुतलेले आणि डोळे लाल.

त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे थेट फ्लाइटमधलं बिझनेस हे वन-स्टॉपमधल्या फर्स्टपेक्षा कधीही बरं, कारण सलग सहा तास झोप आणि तीन अधिक तीन तास झोप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं म्हणजे लाउंजमध्ये, नाहीतर घरून निघतानाच, नीट जेवून घ्यायचं आणि विमानात बसल्या बसल्या आडवं व्हायचं. मी सांगून ठेवतो की मला काही नको, नाश्त्यालाही उठवू नका. अडीच लाख देऊन उपाशी झोपतोस का, असं बायको म्हणते. हो, त्यासाठीच देतो.

जाताना आणि येताना एकच क्लास पाहिजे असंही काही नाही, हे बरेच लोक विसरतात. फ्रँकफर्टहून मुंबईची फ्लाइट साधारण दुपारी निघते, रात्री उशिरा इथे पोचते. म्हणजे दिवसाचा प्रवास, झोपायचं नाहीच, लॅपटॉपवर व्हिजिट रिपोर्ट लिहायचा आणि घरी येऊन झोपायचं. तिथे प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला क्लास, भरपूर झाली. जाताना बिझनेस, येताना प्रीमियम, असं एकाच तिकिटात काढता येतं, एजंटला सांगा. अमेरिकेचं मात्र वेगळं, मुंबईहून न्यूयॉर्क-नेवार्क म्हणजे पंधरा-सोळा तास आणि घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी उलटंपालटं, शिवाय परत येताना पूर्वेकडे येतो तेव्हा जेट लॅग जास्त छळतो. तिथे दोन्ही बाजूंनी बेड घ्या, पन्नाशीत पाठ बोलायला लागते. दुबई, सिंगापूर, बँकॉक? दुबईला तीन तास, बिझनेस हा निव्वळ लाड. सिंगापूर रात्रीचं असेल आणि सकाळी मीटिंग असेल तर बघा. मुंबई-दिल्लीला तर एक्झिट रो पुरे, उरलेल्या पैशात दिल्लीत बरं हॉटेल घ्या.

बिझनेस म्हटलं की सगळे बिझनेस सारखे, हाही गैरसमज आहे. बुक करायच्या आधी सीट मॅप उघडा. एका रांगेत सीट १-२-१ अशा असतील तर उत्तम, प्रत्येकाला बाहेर पडायला वाट. २-२-२ असेल तर खिडकीवाल्याला रात्री शेजाऱ्याच्या पायांवरून ढांग टाकून जावं लागतं. काही ७७७ मध्ये अजून २-३-२ आहे, म्हणजे बिझनेसमध्येसुद्धा मधली सीट! आणि काही जुन्या विमानांत बेड सपाट नसतो, तिरका असतो, रात्रभर आपण घसरगुंडीवरून खाली खाली सरकत राहतो आणि पहाटे गुडघे समोरच्या फळीला. अशा बिझनेसला अडीच लाख द्यायचे तर त्यापेक्षा फर्स्ट बरं, असं म्हणायची वेळ येते, पण त्याहून बरं म्हणजे दुसरी एअरलाइन बघणं.

सॅम्पलच्या बॅगेचा मुद्दा तुमच्या धंद्यात महत्त्वाचा आहे. लुफ्तान्साचं उदाहरण घ्या, बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा, फर्स्टला तीन. एमिरेट्सला बिझनेसमध्ये ४० किलो आणि फर्स्टमध्ये ५०. आम्ही हाउसिंगचे कास्टिंग, फ्लँज, असलं जडजड घेऊन जातो, दोन बॅगांमध्ये कपड्यांसकट बसतं, तिसऱ्या बॅगेसाठी आजवर कधी अडलं नाही. एक मात्र करा, तो लोखंडी माल केबिन बॅगेत ठेवू नका. सिक्युरिटीला मी एकदा वीस मिनिटं डिफरन्शियल केस म्हणजे काय हे हातवारे करून समजावत होतो आणि मागची रांग माझा उद्धार करत होती.

जमिनीवरच्या सोयी, त्या फर्स्टमध्ये खरंच न्याऱ्या असतात, हे मान्य. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं फर्स्टवाल्यांसाठी वेगळं टर्मिनलच आहे, २००४ मध्ये सुरू झालं, आत बाथटब आहे, तुमचा पासपोर्ट तेच सांभाळतात आणि गाडीतून थेट विमानापाशी सोडतात. छान वाटतं. पण पुण्याहून निघालेल्या माणसाचा खरा त्रास कुठे असतो? बोरघाटात. तिथे टँकर उलटला की फर्स्टवाला आणि इकॉनॉमीवाला शेजारी शेजारी उभे. मुंबईत इमिग्रेशनची रांग टाळायची तर त्यासाठी सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची सोय आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना फुकट, एकदा अर्ज करून बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवला की ई-गेटमधून जाता येतं. तुम्ही दोघांनी ते अजून केलं नसेल तर फर्स्ट क्लासची चर्चा बाजूला ठेवा आणि आधी हे करा.

टॅक्सचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी क्लासच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून १८ टक्के झालाय, इकॉनॉमीला ५ च आहे. कंपनीच्या नावावर बुकिंग असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कंपनीच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे शेवटी खर्च वाढत नाही, पण तेवढा पैसा मधल्या काळात अडकतो. पाच लाखांच्या फर्स्टमध्ये ७६ हजार नुसता टॅक्स आहे. आणि एक नियम माहीत असू द्या: तिकीट वरच्या क्लासचं आणि बसवलं खालच्या क्लासमध्ये, असं झालं तर नुसतं सॉरी आणि व्हाउचर घेऊन गप्प बसू नका. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे देशांतर्गत प्रवासात टॅक्ससकट तिकिटाचे ७५ टक्के परत मिळतात, आंतरराष्ट्रीयला १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. माझ्यावर ही वेळ एकदा आली होती, तेव्हा हा नियम नव्हता, पुढच्या प्रवासासाठी दहा हजारांचं कूपन देऊन बोळवण केली.

मग फर्स्ट कोणी घ्यावं? ज्याला विमानात ओळखीचं कुणी भेटलेलं परवडत नाही, असा माणूस. डील चालू असलेला प्रमोटर, सिनेमावाले, वगैरे. दुसरं म्हणजे ज्याच्याकडे पॉइंट्स साठलेत, कारण वर्षात १०-१२ वाऱ्या बिझनेसने केल्यात आणि वर चांगल्या कार्डवर खर्च केलात तर माइल्स साठतातच. काही एअरलाइन फ्लाइटच्या आधी अपग्रेडसाठी बोली लावायला सांगतात, काउंटरवर शेवटच्या क्षणी रोख भावात देतात, तिथे फरक पन्नास-साठ हजारांवर आला तर एखाद वेळी हौस करा. कोलंबोहून किंवा कैरोहून तिकीट सुरू केलं की फर्स्ट बरंच स्वस्त पडतं हे यूट्यूबवर बघितलं असेल, पडतंही कधी कधी, पण त्यासाठी आधी वेगळ्या तिकिटावर तिथे जायचं, ती फ्लाइट लेट झाली की पुढचं तिकीट गेलं. हौशी लोकांसाठी ठीक आहे, मीटिंग असलेल्या माणसासाठी नाही.

आणि एक गोष्ट आहे जी कुठल्याच हिशोबात येत नाही. २०१७ मध्ये माइल्स घालून बिझनेसवरून फर्स्टला अपग्रेड झालो होतो, ७४७ च्या नाकात, एकदम पुढे. फ्रँकफर्टला विमान लांब उभं केलं, एरोब्रिज नाही, सगळ्यांना जिन्याने उतरून बसमध्ये. फर्स्टवाल्यांसाठी मात्र खाली काळी पोर्शे उभी. मी जिना उतरून गाडीचं दार उघडतोय आणि मागून कुणीतरी नावाने हाक मारली. वळून बघतो तर आमच्या स्टुटगार्टच्या कस्टमरचा परचेस हेड, पुण्यात व्हेंडर ऑडिट करून परत चाललेला. त्यांच्या कंपनीत तेव्हा त्याच्या ग्रेडला इकॉनॉमीच होती. पाठीवर सॅक, चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याचं सगळं लिहिलेलं, बसच्या रांगेत उभा. हसला, हात हलवला, गाडीकडे बघितलं, परत हसला. मी काय सांगणार, अहो फुकटात मिळालंय म्हणून? त्याला लिफ्ट देऊ का म्हणून ड्रायव्हरला विचारलं तर तो नियमात बसत नाही म्हणाला.

दरवर्षी ते ३ टक्के प्राइस डाउन, म्हणजे मालाच्या भावात कपात, मागायचे, आपण दोनवर आणायचो. त्या वर्षी पाचापासून सुरुवात झाली आणि चारवर मिटलं. गाडीचा विषय कुणी काढला नाही.

तेव्हा पार्टनरना एवढं सांगा की बिझनेस नक्की करूया, थेट फ्लाइटचा, १-२-१ वाला, युरोपला निदान जाताना आणि अमेरिकेला दोन्हीकडे. फर्स्टची हौस माइल्सवर भागवा, कामाच्या ट्रिपला नको, वहिनींना घेऊन सुट्टीला जाताना करा, तेव्हा जागं राहून सगळं बघायला वेळ असतो. आणि तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाका, नंतर इनव्हॉइस बदलून मिळवायला माझ्या अकाउंटंटने सहा महिने मेल केलेत.